निष्ठा ही मालकाची मिळकत नव्हे

८ मे २०२५ रोजी सिस्टाइन प्रार्थनामंदिराच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि तासाभरातच कार्डिनल रॉबर्ट प्रिव्होस्ट हे चौदावे लिओ या नावाने पोप झाल्याचे जगाला कळले. नवे पोप महोदय शिकागोत जन्मलेले. याच शहरात आम्ही काही वसईकर कुटुंबे गेली तीस-पस्तीस वर्षे राहत आहोत. त्या दिवशी आमच्या धर्मग्रामाच्या घंटा वाजल्या, वृद्धांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्या पाठोपाठ शहरात एक अस्सल शिकागोछाप भांडण जुंपले. पोप महोदय कोणत्या बेसबॉल संघाचे? उत्तर शिकागोच्या कब्जचे की दक्षिण शिकागोच्या व्हाइट सॉक्सचे? कब्जने तर आपल्या मैदानाबाहेरच्या फलकावर पोप आमचेच, अशी घोषणाही करून टाकली. अखेर पोप महोदयांच्या सख्ख्या भावाने खुलासा केला की, ते पहिल्यापासून व्हाइट सॉक्सचे चाहते आहेत. पाठोपाठ २००५ सालच्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्याचे जुने चित्रण कोणीतरी शोधून काढले. त्यात प्रेक्षकांच्या गर्दीत, काळजीने ग्रासलेल्या चेहऱ्याने मैदानाकडे पाहत असलेले आगस्टीनियन संघाचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू स्पष्ट दिसत होते.

आम्ही सॉक्सवाले हर्षभरित झालो हे सांगणे नकोच. परंतु दुसऱ्याच दिवशी विनोदांची झोड उठली. सॉक्सचा चाहता म्हणजे दुःखसहनात मुरलेला माणूस, तेव्हा पोपपदासाठी याहून योग्य उमेदवार तो कोण, असे जो तो म्हणू लागला. आम्हीही हसलो. मात्र हसू ओसरल्यावर मनात एक प्रश्न उरला. आमच्या संघावरचे प्रेम हा दुःखसहनाचा पर्याय-शब्द का व्हावा? प्रत्येक दुःख हा क्रूस नसतो. काही दुःखे केवळ गैरव्यवस्थेतून जन्माला येतात आणि ती निमूटपणे वाहण्यात कोणतेही पुण्य नाही. प्रस्तुत लेखाचा प्रपंच तेवढ्यासाठीच.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द. अमेरिकेतील या खेळात एक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो. त्यामुळे संघ हा सणासुदीचा पाहुणा राहत नाही, घरातला माणूस होतो. संध्याकाळी रेडिओ लावावा, स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजात समालोचन ऐकावे, झोपण्यापूर्वी धावसंख्या विचारावी, असा हा संसार असतो. नवोदित खेळाडूवर सर्वसाधारणपणे पहिली सहा वर्षे त्याच्या संघाचा हक्क असतो. नंतर तो मोकळा होतो आणि जो अधिक पैसे देईल त्याच्याकडे जातो. त्याआधी संघ हवे तेव्हा त्याची दुसऱ्या संघाशी अदलाबदल करू शकतो. कोणाला ठेवायचे, कोणाला द्यायचे आणि बदल्यात काय घ्यायचे, यावर संघाचे भवितव्य ठरते. यालाच व्यवस्थापन म्हणतात.

दक्षिण शिकागोत हा संघ १९०० सालापासून आहे. कत्तलखान्यांत आणि पोलादाच्या कारखान्यांत राबणारे आयरिश, पोलिश, लिथुआनियन कामगार, पुढे दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे, मेक्सिकोहून आलेले श्रमिक, या सर्वांनी तो आपला मानला. जुन्या शिकागोत कॅथलिक माणसाला तू राहतोस कुठे, असे न विचारता तुझा धर्मग्राम कोणता, असे विचारीत. संघाचेही तसेच होते. तो वडिलांकडून मुलाकडे येई. आम्ही परके इथे आलो तेव्हा मिस्सेनंतर आवारात गप्पा मारताना पहिला प्रश्न हवामानाचा असे आणि दुसरा सॉक्सचा. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येऊ लागले, त्या दिवशी आम्ही या शहराचे झालो. म्हणूनच या विषयावर बोलण्याचा आम्हास अधिकार आहे असे आम्ही समजतो.

आता हिशेबाकडे वळू. २०२४ च्या हंगामात व्हाइट सॉक्सने ४१ सामने जिंकले आणि १२१ गमावले. आधुनिक बेसबॉलच्या इतिहासात एका हंगामात इतके पराभव कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेले नाहीत. आधीचा विक्रम १९६२ सालच्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२० पराभवांचा. परंतु मेट्स त्या वर्षी जन्माला आलेला संघ होता, इतरांनी टाकून दिलेल्या खेळाडूंतून उभा केलेला. शतकाहून जुन्या संघाला ही सबब नाही. १० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात सॉक्स सलग २१ सामने हरले. त्यानंतर तीन दिवसांनी प्रशिक्षक पेद्रो ग्रिफोल यांना घरी पाठविण्यात आले. म्हणजे घर जळाल्यावर दारवानाला बडतर्फ केले! सप्टेंबरच्या अखेरीस घरच्या मैदानावर उरलेले प्रेक्षक एकच घोषणा देत होते, ‘संघ विका!’ आपल्याच माणसांनी आपल्याच घरात अशी घोषणा द्यावी, याहून मोठा पराभव आकडेवारीत मावत नाही.

ही अवस्था एका वर्षात आलेली नाही. २०१६ च्या डिसेंबरात व्यवस्थापनाने आम्हाला सांगितले की, संघ मोडून पुन्हा बांधायचा आहे, थोडा धीर धरा. क्रिस सेल हा त्या पिढीतील अत्यंत तेजस्वी गोलंदाज बॉस्टनला देण्यात आला. बदल्यात योआन मोंकादा आणि मायकेल कोपेक हे तरुण आले. ॲडम ईटन वॉशिंग्टनला गेला, होसे किंताना तर शेजारच्या कब्जला देण्यात आला. आम्ही धीर धरला. २०१८ साली शंभर पराभव सोसले आणि तरीही मुलांना घेऊन मैदानावर गेलो, कारण आम्हाला वचन देण्यात आले होते.

वास्तविक, ते वचन फळाला येऊ लागले होते. २०२० साली, साथीमुळे आखडलेल्या हंगामात, बारा वर्षांनी संघ बाद फेरीत पोहोचला. अँडरसन, जिमेनेझ, रॉबर्ट, जिओलिटो ही पोरे पाहून वाटे, आता दहा वर्षे चिंता नाही. नेमक्या त्याच क्षणी घात झाला. संघाला तिथवर आणणारे प्रशिक्षक रिक रेंटेरिया यांना निरोप देण्यात आला आणि त्यांच्या जागी टोनी ला रुसा यांची नेमणूक झाली. ला रुसा हे मोठे नाव, त्याविषयी वाद नाही. परंतु ते ७६ वर्षांचे होते आणि २०११ नंतर त्यांनी एकाही संघाचे प्रशिक्षकपद सांभाळलेले नव्हते. मग त्यांनाच का? कारण १९८६ साली याच संघाने त्यांना काढून टाकले होते आणि मालक जेरी राइन्सडॉर्फ यांना त्या गोष्टीची खंत आयुष्यभर डाचत राहिली होती.

इथे आम्हास जरा थांबणे भाग आहे, कारण सगळ्या रोगाचे मूळ इथेच आहे. राइन्सडॉर्फ हे दुष्ट गृहस्थ आहेत असे आम्ही म्हणत नाही. उलट, जुन्या सहकाऱ्यांशी एकनिष्ठ राहण्याबद्दल त्यांची ख्याती आहे. आपल्या हातून झालेल्या चुकीचा पश्चात्ताप होणे ही सद्‍गुणाचीच खूण. परंतु पश्चात्ताप ज्याचा, प्रायश्चित्तही त्यानेच घ्यायचे असते, हे आमच्या पहिल्या कम्युनियनला बसणाऱ्या मुलांनाही ठाऊक आहे. येथे मालकांच्या चौतीस वर्षांपूर्वीच्या चुकीचे प्रायश्चित्त पंचविशीतल्या खेळाडूंनी आणि लाखो चाहत्यांनी घेतले. २०२१ साली ९३ विजय मिळाले, गटाचे अजिंक्यपद मिळाले, ह्यूस्टनकडून हार पत्करून संघ परतला. २०२२ साली बरोबर ८१ विजय आणि ८१ पराभव. त्या वर्षी प्रकृतीच्या कारणास्तव ला रुसा निवृत्त झाले. २०२३ साली १०१ पराभव. पाच वर्षे पेरलेले पीक दोन हंगामांत करपले.

ही माणसांवरची निष्ठा खेळाडूंच्या वाट्याला का येत नाही, हाही एक प्रश्नच आहे. २०१८-१९ च्या हिवाळ्यात मॅनी मचाडो हा पहिल्या प्रतीचा खेळाडू मोकळा झाला होता. तो यावा म्हणून सॉक्सने त्याचा मेव्हणा योंडर अलोन्सो याला संघात आणले, त्याचा मित्र जॉन जे यालाही आणले. वरात दारात उभी राहिली, नवरदेव मात्र सॅन दिएगोला गेला. तेथे त्याला दहा वर्षांसाठी ३० कोटी डॉलर मिळाले. त्याच सॅन दिएगोला सॉक्सने २०१६ साली सतरा वर्षांचा एक मुलगा देऊन टाकला होता, जेम्स शील्ड्स या उतारवयाच्या गोलंदाजाच्या बदल्यात. त्या मुलाचे नाव फर्नांदो तातीस. २०२१ साली सॅन दिएगोने त्याच्याशी ३४ कोटी डॉलरचा करार केला. सॉक्सने २०२३ च्या हंगामापूर्वी आंद्रू बेनिन्तेंदीला पाच वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर दिले, आणि तो त्या वेळेपर्यंतचा त्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठा करार होता. हा काही लहान गावचा संघ नव्हे. अमेरिकेतील तिसऱ्या क्रमांकाच्या शहरातला हा संघ आहे.

दैवाचा खेळही पाहा. ज्या २०२४ साली सॉक्स १२१ सामने हरले, त्याच वर्षी अटलांटाकडून खेळताना क्रिस सेलने नॅशनल लीगमधील सर्वोत्कृष्ट गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार पटकावला. सेलच्या बदल्यात आलेला कोपेक जुलैत लॉस एंजेलिस डॉजर्सला देण्यात आला आणि ऑक्टोबरात डॉजर्स विजेते झाले. त्या बुडत्या संघात एकटा तळपणारा गॅरेट क्रोशे डिसेंबरात बॉस्टनला गेला; काही महिन्यांतच बॉस्टनने त्याला सहा वर्षांसाठी १७ कोटी डॉलर देऊ केले. आमच्या अंगणात वाढलेली झाडे दुसऱ्याच्या दारात फळतात, हे आता आमच्या अंगवळणी पडले आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये केन विल्यम्स आणि रिक हॅन या दोन जुन्या व्यवस्थापकांना दूर करण्यात आले, तेव्हा आम्हास वाटले, आता तरी खिडक्या उघडतील. सारे शहर नव्या, बाहेरच्या, ताज्या दृष्टीच्या माणसाची वाट पाहू लागले. दहा दिवसांत निर्णय झाला. त्याच संस्थेत वर्षानुवर्षे तरुण खेळाडूंच्या जडणघडणीची जबाबदारी असलेले क्रिस गेट्झ यांना बढती मिळाली. बाहेरच्या माणसाला संस्था समजून घेण्यातच एक वर्ष जाईल, असे कारण मालकांनी दिले. ते एक वर्ष वाचविण्याच्या नादात पुढचे वर्ष १२१ पराभवांचे गेले, याला काय म्हणावे? त्याच हिवाळ्यात, बालपणापासून सॉक्सवर जीव असलेले समालोचक जेसन बेनेटी डेट्रॉइटला निघून गेले. असा माणूसही टिकत नाही, तेव्हा दोष नुसता मैदानावर नसतो.

आमच्या या तक्रारीवर तीन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे की, संघ ही खाजगी मालमत्ता आहे, मालकाने तिचे काय करावे ते त्याच्या मर्जीवर. ठीक. मग १९८८ साल आठवावे. त्या वर्षी मालकांनी संघ फ्लोरिडात, सेंट पीटर्सबर्गला नेण्याची धमकी दिली. तेथे घुमटाचे स्टेडियम उभे राहतच होते. ३० जूनच्या रात्री इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात मतदान झाले. मध्यरात्रीची मुदत टळू नये म्हणून गव्हर्नर जेम्स थॉम्पसन यांनी सभागृहातले घड्याळच थांबविले, असे शहरात आजही सांगितले जाते. सार्वजनिक पैशातून नवे स्टेडियम मंजूर झाले आणि १९९१ साली ते उघडले. त्याच्यासाठी साउथ आर्मर स्क्वेअर या वस्तीतील कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे पाडण्यात आली. ती माणसे न्यायालयात गेली आणि हरली. हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशांवर कर बसवून ज्याचे छप्पर घातले गेले आणि गरिबांच्या घरांवर ज्याचा पाया रचला गेला, ती वस्तू निव्वळ खाजगी कशी? नफा वाटताना खाजगी आणि खर्च मागताना सार्वजनिक, हा न्याय आम्हास मान्य नाही. २०२४ साली नव्या स्टेडियमसाठी मालक पुन्हा राज्याच्या दारी गेले, तेही १२१ पराभवांच्या वर्षी! झोळी पसरण्याचा मुहूर्त तरी पाहावा.

दुसरे उत्तर असे की, याच मालकांनी २००५ सालचे अजिंक्यपद दिले. दिले, आणि आम्ही ते विसरलेलो नाही. १९१७ नंतर, म्हणजे तब्बल अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, ते आले. ह्यूस्टनला सलग चार सामन्यांत हरवून ते आले. त्या आठवड्यात दक्षिण भागातील दफनभूमीत कित्येक थडग्यांवर सॉक्सच्या टोप्या दिसत होत्या. वाट पाहून गेलेल्या बापांना मुले निकाल सांगायला आली होती. परंतु १९८१ साली सुमारे दोन कोटी डॉलरला घेतलेल्या संघाची किंमत ‘फोर्ब्स’च्या अंदाजाप्रमाणे २०२५ साली दोन अब्ज डॉलर झाली होती. चाळीसहून अधिक वर्षांत एक अजिंक्यपद, हा त्या शंभरपट वाढीचा मोबदला म्हणायचा काय? आणि पूर्वी केलेल्या एका उपकाराच्या बळावर सेवक किती वर्षे जाब चुकवू शकतो?

तिसरे उत्तर सर्वांत उर्मट आहे. नाही आवडत तर येऊ नका, दुसरा संघ धरा. ज्यांना माणसाची निष्ठा म्हणजे काय ते कळलेले नाही, तेच असे बोलू शकतात. किराणा महाग झाला तर दुकान बदलता येते. आई-वडिलांची भाषा, आपला धर्मग्राम आणि लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेला संघ बदलता येत नाही. नेमकी हीच गोष्ट मालकवर्गाला ठाऊक असते. चाहता जाणार नाही याची खात्री आहे, म्हणूनच त्याची पर्वा नाही. आमच्या निष्ठेला त्यांनी आपल्या मिळकतीत जमा धरले आहे. वास्तविक, निष्ठा ही ठेव आहे. ठेवीचा विश्वस्त असतो, मालक नसतो, आणि विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो. या संघाचे पूर्वीचे मालक बिल व्हीक हे कफल्लक म्हणून हिणवले जात. परंतु ते प्रेक्षकांमध्ये बसून सामना पाहत आणि लोकांची बोलणी तोंडावर ऐकून घेत. पैसा नव्हता, पण हिशेब देण्याची लाज नव्हती.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, २०२५ साली विल व्हेनेबल या नव्या प्रशिक्षकांच्या हाताखाली संघाने ६० सामने जिंकले, आधीपेक्षा १९ अधिक. क्रोशेच्या बदल्यात आलेली काही पोरे चुणचुणीत आहेत. परंतु १०२ पराभवांना प्रगती म्हणण्याची पाळी यावी, यातच सर्व आले. लागोपाठ तीन वर्षे शंभराहून अधिक पराभव! जून २०२५ मध्ये जस्टिन इश्बिया या उद्योजकाबरोबर करार झाल्याचेही जाहीर झाले. त्यानुसार २०२९ ते २०३३ या काळात मालकांची इच्छा असल्यास संघाचे नियंत्रण त्यांना विकता येईल. इश्बिया यांना ते स्वतःहून घेण्याचा हक्क मिळेल तो २०३४ नंतर. म्हणजे बदल येईल, पण सवडीने. आमच्या धर्मग्रामात ऐंशीच्या पुढचे कितीतरी चाहते आहेत. त्यांच्या आयुष्याचे घड्याळ कोणता गव्हर्नर थांबविणार आहे?

आमच्या मागण्या माफक आहेत. संघाचा कारभार कोणाकडे द्यावा हे ठरविताना घराबाहेरही पाहा, पात्रता पाहा, जुनी ओळख पाहू नका. अंगणात वाढलेल्या खेळाडूंपैकी दोघा-तिघांना तरी म्हातारे होईपर्यंत आपल्या घरी राहू द्या, म्हणजे मुलांना शर्टावर कोणाचे नाव लिहावे ते कळेल. आणि जनतेचा एक डॉलर जरी पुन्हा मागितलात, तरी त्याबदल्यात जनतेला कारभारात वाटा द्या. हे अशक्य नाही. शिकागोच्या उत्तरेला, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे या छोट्या गावचा फुटबॉल संघ १९२३ सालापासून लोकांच्याच मालकीचा आहे आणि तो तेथून हललेला नाही.

१४ जून २०२५ रोजी पोप महोदयांच्या निवडीबद्दल आभार मानण्यासाठी याच मैदानावर कार्डिनल ब्लेझ क्युपिच यांनी मिस्सा अर्पण केली. आम्ही सहकुटुंब गेलो होतो. सुमारे तीस हजार माणसे जमली होती, नेहमीच्या सामन्याला जमतात त्याहून कितीतरी अधिक. रोमहून आलेला पोप महोदयांचा संदेश मोठ्या पडद्यावर दाखविण्यात आला, तेव्हा माणसे गहिवरली. परतताना आम्ही १४० क्रमांकाच्या विभागाकडे वळलो. तेथे २००५ साली पोप महोदय एकोणिसाव्या रांगेत बसले होते, त्याची स्मृती म्हणून क्लबने खांबावर त्यांचे चित्र लावले आहे. जो तो तेथे छायाचित्र काढून घेत होता. आमच्याजवळ एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ सॉक्सची विटलेली टोपी हातात धरून उभे होते. ते म्हणाले, “चित्र छान आहे. पण त्यांना इथे परत बोलवायचं, तर आधी संघ दाखवण्यासारखा करा.”

त्या गृहस्थांच्या बोलण्यात आम्हास काही भर घालावयाची नाही. पुढच्या हंगामातही आम्ही जाऊ, टोपी घालू, घसा बसेपर्यंत ओरडू. मात्र आमच्या हजेरीला कोणी संमती समजू नये. आम्ही तेथे हिशेब मागण्यासाठी बसलेले असू.